कावळ्याचा घास

तासगावच्या बेदाणा शेडवर
दुसऱ्या दिवशी कंबर उभी राहू देत नाही,
पट्टा मात्र थांबत नाही.
हिरवा इकडे, पिवळा तिकडे,
काळा पडलेला खाली, पाटीत.

मेहरूनआपा न बघताच विचारते,
"कावळा शिवलाय व्हय गं?"
मी मान हलवते.
"मग त्याला घास नको व्हय?"

तिच्या डब्यात रात्रीपासून
पाण्यात पडलेले काळे बेदाणे,
कुठल्याच प्रतीत न बसलेले.
एकेक सुरकुती सोडत
पुन्हा द्राक्षं व्हायला निघालेले.
वर सुंठेची चिमूट,
बाजूला बाजरीची भाकरी, तुपानं जड.

घरी लोणच्याला हात लावू देत नाहीत,
नासतं म्हणे.
आपा बरणीच पुढं सरकवते:
"घाल बोट. बघू काय नासतंय."

घालते.
करकरीत, आंबट, जित्तं.

ओटीपोटातली मूठ
एक बोट उघडते,
बऱ्याच वेळानं दुसरं.

मुकादमाची शिट्टी. पट्टा सुरू.
हाताखालून काळे बेदाणे जातात,
त्यातले मूठभर मी पदराला बांधते.
रात्री भिजत घालीन.
शेजारची सुगंधा
कालपासून भिंतीला टेकून बसलीय.