साठ माना

शेफील्डच्या चढावरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर,
भिंतीपासून दीड मीटरवर मी स्टूल मांडलंय.
येईल त्याच्या मानेवर, मागे जिथे हाड बोटाला लागतं,
तिथे टिकलीएवढं हिरवं स्टिकर लावायचं,
दुसरं कानाच्या पाळीपुढे,
आणि बाजूने फोटो.
ठिपके जोडले की कोन निघतो.
कोन जितका लहान, तितकं डोकं धडाच्या पुढे गेलेलं.
प्रबंधाला साठ माना हव्यात.
सव्वीस झाल्या.

कुठून सुरू होतं, मी विचारते.
कॅलम कवटीच्या बुडाशी अंगठा दाबतो.
तिथून कानामागून वर चढतं, म्हणतो,
आणि उजव्या डोळ्यामागे येऊन बसतं
फुकट्या पोटभाडेकरूसारखं.
टेमिटोपेचं फक्त रविवारी दुखत नाही.
फियॉनला अशा वेळी दिवा नको, बोलणं नको, खाणं नको,
पण फोन चालतो.

फोन रोज किती तास?
सगळे तीन लिहितात.
मग फोनच सांगतो : सात तास चाळीस मिनिटं.
तेव्हा मान खाली जाते,
म्हणजे दुखणं जिथून निघालं, तिथेच परत.

आमच्या भाषेत ती मान आणि तो मान.
ती दुखते, तो दुखावतो.
फॉर्मवर चौकट फक्त तिच्यासाठी आहे.

सत्तावीस नंबरची फियॉन उठता उठता म्हणाली,
तुझी मोजलीस?
नियम असा की मोजणाऱ्याने स्वतःला मोजायचं नाही.
तरी बसले.
तिच्या गार बोटांनी मानेवर हिरवा ठिपका आला.

बाजूने स्वतःला कोण बघतं?
हनुवटी माझी, कानातलं माझं,
पण पुढे काढलेली ती मान
कऱ्हाडला जिन्याखालच्या दुकानात बाबांची होती,
डोळ्याला भिंग अडकवून
लोकांची वेळ दुरुस्त करतानाची.
तेव्हा फोन नव्हता त्यांच्याकडे.
रात्री कपाळाला पंचा करकचून बांधून पडायचे
आणि म्हणायचे, चष्म्याचा नंबर वाढला असेल.
नंबर तीनदा बदलला.
मानेकडे कोणी पाहिलंच नाही,
ती कायम कॉलरच्या आत.

माझ्या तक्त्यात वय आहे, उशीची जाडी आहे,
दुखणं किती दिवसांनी येतं तेही आहे.
घड्याळांचा रकाना नाही.

एक्केचाळीस अंश, फियॉन म्हणाली. माझ्यापेक्षा वाईट.
मग अगदी माझ्याच आवाजात :
रोज किती तास?

शिफ्ट वाटणारं ॲप, जे मध्यरात्री उघडलं नाही
तर शनिवार दुसऱ्याला जातो.
घरमालकाचा बुरशीबद्दलचा मेसेज.
व्हिसाची तारीख, जी बदलणार नाही माहीत असून
मी दोनदा बघते.
आणि रात्री साडेअकराला, तिकडे पहाटे चारला,
झोप न येणाऱ्या बाबांचा व्हिडिओ कॉल,
त्यात अर्धं कपाळ आणि छताचा पंखा.
बाबा, फोन जरा वर धरा,
हे मी सांगते ते
अंथरुणात, खाली वाकून.

बाहेर ट्राम चढणीला लागून कुरकुरली.
हा कागद कुठेच जमा होणार नव्हता.

लिहिलं, तीन.