तिपेडी

केस कंबरेच्या वर चार बोटं थांबतात.
हे मोजलेलं माप आहे. मी मोजणीदार,
अंदाजाने बोलत नाही.

जांबोटीच्या खोलीवर, उजाडायच्या आत,
तळव्यावर खोबरेल चोळून
टोकाकडून वर वर विंचरत यायचं,
मुळाकडून उतरलं की गुंताही सोबत उतरतो
आणि खाली गाठ होऊन बसतो.
मग अंबाडा, अंबाड्यावर पंचाची पट्टी, पट्टीवर टोपी.
दुपारपर्यंत टोपीत चूल पेटते.

कणकुंबीकडे काम असलं तर श्रावणभर धूतच नाही.
वाळायला तीन दिवस, चौथ्या दिवशी कुबट वास.
जांभ्याची माती पुरती कधी जात नाही;
उशीच्या अभ्र्यावर
रोज थोडी खानापूर तालुक्याची नोंद.

लोक विचारतात.
टपरीवाला: नवस काय हो?
बैलहोंगलचा ड्रायव्हर: यल्लम्मन हरकी एनु?
वडिलांच्या दहाव्याला डोकं केलं होतं,
त्यानंतर न्हाव्याकडे गेलो नाही, एवढंच.
पण हे सांगितलं की माणसं चहा लवकर संपवतात.
म्हणून म्हणतो, नवसच.

हिरेमठ साहेबांनी एकदा दुर्बिणीला डोळा लावला.
"इथं तीन रेषा का दिसतात?"
उभी, आडवी,
आणि एक तिरकी, धूसर, हलणारी.
ती माझी होती.

वनखात्याच्या हद्दीचा एकेचाळिसावा दगड
शिकेकाईच्या जाळीत होता.
दगड सापडला, मी अडकलो.
टोपी फांदीवर, अंबाडा सुटून काट्यांत,
मान वळवली की डोळ्यांत पाणी.
जिच्या शेंगांनी रविवारी डोकं धुतो
तिनेच धरून ठेवलं होतं.

सातेरी गुरव कोयता घेऊन आला.
पुढून बघितलं, मागून बघितलं.
"कापू काय?"
काय ते बोलला नाही.
"वेल काप."
त्याने वेलही कापला नाही.
कोयता कमरेच्या आकडीत घातला,
मला त्याच दगडावर बसवलं
आणि एकेक काटा
आला त्या वाटेनं मागे काढत राहिला.
अर्धा तास. साखळी उन्हात पडून.
"टोकाकडनं सोडवायचं असतंय," मलाच सांगितलं.

मग न विचारता तीन पेड घेतले.
बायको गेली तेव्हा पोरगी पहिलीत होती.
बाईंनी शाळेतनं परत पाठवली, केस बांधून ये म्हणून.
दोन दिवस शेजारणीकडं नेली,
तिसऱ्या दिवशी म्हशीच्या दाव्यावर शिकलो, म्हणाला.
आता पोरगी आठवीत हाय. हात लावू देत नाही.
हात काही विसरले नव्हते.
ओढ बसली की माझ्या भुवया वर जायच्या,
आणि मागून आवाज, "हलू नको की."

संध्याकाळच्या बेळगाव गाडीत
कंडक्टर पाठीमागून ओरडला, "अक्का, मुंदक होग्री!"
मी दाढीसकट वळलो.
त्याने तिकीट फाडलं, सुटे मोजले,
पुढच्या दारापर्यंत गेला
आणि तिथून विचारलं, मराठीत,
एवढी घट्ट घातली कुणी?

सोमवारी सातेरीने रिबीन आणली.
लाल, शाळेची, दोन्ही टोकं
मेणबत्तीवर धरून बंद केलेली, उसवू नये म्हणून.
"पोरगीनं दिली. जुनीच हाय."
मी बांधली. तो दुसरीकडे बघत होता.

बुधवारी खुंट्यांची लाल फीत संपली.
दोन खुंट्या राहिल्या, ऊन उतरत होतं,
हिरेमठ साहेब माझ्या पाठीकडे बघत होते,
काही म्हणत नव्हते.

एका खुंटीला सुतळी बांधली.
दुसरीला
माझ्या शर्टाचा खिसा.