समोरून

कांपालला नदीकाठी चिऱ्यांची ही बसकी इमारत.
हिला दार असं नाहीच.
रस्त्यावरून आत शिरलेला माणूस
कुणालाही न विचारता मांडवीपाशी निघतो.
सकाळचा पदेरसुद्धा सायकल हाती धरून
मधल्या मोकळ्या जागेतून जातो;
एका खोलीत पियानो, शेजारी तबला,
त्याचं पोंय-पोंय कुणाच्याच तालात बसत नाही
आणि कुणी रागावत नाही.

उपासो वेरेकर इथे पडदा ओढायचा. तेहेतीस वर्षं.
त्याआधी देवळांपुढच्या नाटकांना विंगेत बसून
पेट्रोमॅक्सच्या उजेडात शब्द पुरवायचा:
पंचक्रोशीतला प्रत्येक राजा
अर्धा श्वास आधी
त्याच्या ओठांत मेलेला.

प्रेक्षागृहाच्या भिंतींवर माणसं रंगवलेली.
खोटे सज्जे, त्यांत रेललेले खोटे रसिक,
एक पंखेवाली बाय, एक पेंगुळलेला भाटकार.
स्पर्धेच्या नाटकाला अकरा डोकी असली
की उपासो म्हणायचा, "वर बघ, हाऊसफुल्ल.
खुर्च्या तेवढ्या उरल्यात."

पण नाटक म्हणून त्यानं काय पाहिलं?
एक कान, एक गाल,
राणीच्या पाठीवरची सेफ्टी पिन,
विष पिऊन आत आलेला खलनायक
आणि त्यानं मागितलेला चहा.

डागडुजी झाली, मोटार बसली.
आता पडदा म्हणजे माझ्या अंगठ्याखालचं हिरवं बटण.
त्याला पास पाठवला. इस्त्रीच्या सदऱ्यात आला,
डी रांगेत, मधोमध.
तिसरी घंटा झाली तसे
मांडीवरचे त्याचे हात आपोआप उठले,
एकाखाली एक, दोर धरल्यासारखे.
फटीतून मी पाहिलं
आणि बटण दाबायचा थांबलो,
त्यानं ओढेपर्यंत.

दुसऱ्या अंकात नायकानं मुद्दाम घेतलेला पॉज,
तो त्यानं भरून काढला. हळूच. सवयीनं.
पुढच्या रांगेतली बाई वळून बघत राहिली.

मध्यंतरात शोधला तर मागच्या धक्क्यावर.
कसिनोच्या बोटी पाण्यात लाल-निळं सांडत होत्या,
त्यांच्यामधून बेतीची फेरीबोट येत होती,
एकच पिवळा दिवा घेऊन.
"दोन्ही गाल असतात रे त्यांना," म्हणाला.
मग खिसा चाचपत, "जातो. शेवट पाठ आहे,
आणि ही चुकली तर पुढं काही नाही."

तिसऱ्या अंकाला डी रांगेत एक खुर्ची मोकळी.
भिंतीवरचा भाटकार तिच्याकडे बघत होता,
किंवा नेहमीसारखा पेंगत.