रिकामं दाबल्यावर

एक चौकट. एक बटण. बटणावर : शोधा.
एवढंच मागितलं होतं कासटशेठनी
परभणीच्या नव्या मोंढ्यातल्या दुकानासाठी,
जिथं पंपांचे, मोटारींचे सुटे भाग
चार हजार तीनशे बारा खोक्यांत राहतात
आणि खोक्यांचे पत्ते
फक्त मैनोद्दीनचाचांना पाठ.

चाचांना आता बेरिंगवरचा नंबर दिसत नाही.
नख फिरवतात कडेवरून अन् सांगतात,
"बासष्ट शून्य पाच."
बरोबर असतं.

म्हणून मी. सकाळच्या गाडीनं पाथरीहून,
काउंटरच्या टोकाला, ग्रीसच्या डब्यांशेजारी.

पहिल्या दिवशी लिहिलं :
नाव हुबेहूब जुळलं तरच दाखव.
झरीचा माणूस आला, म्हणाला, फुटबॉल द्या.
चौकट म्हणाली, नोंद नाही.
चाचांनी उठून फूटव्हॉल्व्ह आणून ठेवला.
पूर्णेच्या बाईंनी पंखा मागितला,
त्यांना हवा होता इम्पेलर.
एकानं नुसता हात हवेत फिरवला :
"असं बघा, गोल, मधी भोक,
अन् जरा दात पडल्यावानी."
हे कुठल्या रकान्यात घालू?

वह्या उघडल्या तर आणखी निराळंच.
बेरिंग, बेरींग, बेअरिंग,
तीन हस्ताक्षरांत एकच वस्तू नांदत होती.
एका पानावर तर चक्क बेरंग.
ते मी दुरुस्त केलं नाही.

मग शब्दाच्या दोन्ही अंगांना टक्क्याचं चिन्ह दिलं.
पुढं काही असो, मागं काही असो,
मधला तुकडा लागला की पुरे.
शेठ पाठीमागून डोकावले,
"टक्के कसले? कुणाचे?"
म्हटलं, कुणाचेच नाहीत,
जे आपल्याला ठाऊक नाही त्याची जागा आहे ती.
"फुकट आहे ना? मग राहू दे."

आणि एक रकाना वाढवला : लोक काय म्हणतात.
चाचा सांगत गेले, मी टंकत गेले.
बेंडला म्हशीचं शिंग.
ऑइल सीलला काळी बांगडी.
लॉकनटला मानवतकडं जावई म्हणतात,
बसला की हलत नाही.
दुपारचा चहा दोनदा गार झाला.

संध्याकाळी शटर अर्धं खाली आलं.
चाचा म्हणाले, "मला दाबू दे एकदा."
चौकट शोधायला नजर आधी उजवीकडं गेली त्यांची,
उर्दू वाचणाऱ्याची जाते तशी.
काही लिहिलं नाही.
नुसतं बटण दाबलं.

रिकाम्याचा मी विचारच केला नव्हता.
दोन टक्क्यांच्या मधे काहीच नाही,
म्हणजे सगळंच.
चार हजार तीनशे बारा ओळी
एकाखाली एक उतरत आल्या.

चाचांनी स्टूल ओढून घेतलं.
"हे जिन्याखाली.
हे माळ्यावर, पत्र्याच्या डब्यात.
हे तर आपण वापस पाठवलं होतं, काढ याला."
थांबत थांबत, बोट पडद्याला न लावता,
एक एक ओळ.
हातपंपाच्या चामडी वॉशरपाशी जरा जास्त थांबले.
"हे आता कुणी मागत नाही," म्हणाले
आणि पुढं सरकले.
काढ म्हणाले नाहीत.

सव्वासातची पाथरी गाडी गेली.
मी उठले नाही.

माझ्या वहीत उद्याच्या कामांत लिहिलेलं होतं :
चौकट रिकामी असल्यास सूचना द्यावी,
कृपया काहीतरी लिहा.
त्यावर आडवी रेघ मारली.

सकाळी फक्त पानं पाडली, पन्नास पन्नास ओळींची.
चाचांनी चष्मा पुसून बघितलं.
"बाकी बेस्ट आहे बेटा,
पण बटण लई बारीक केलंयस."

केलं मोठं.
उजवीकडं सरकवलं.