टोपीखाली

बाकावर तोंड वर करून निजलाय बारा इंची.
निपाणीत, जुन्या पी. बी. रोडला, माझं दुकान,
मागच्या वखारीतून तंबाखूचा वास,
आणि हे चिकोडीचं गिऱ्हाईक
स्टुलाच्या कडेवर, चष्मा पुसत
तिसऱ्यांदा सांगतंय :
बदलायचं काही नाही. ओरिजिनल पाहिजे.

सकाळी एक पोरगं येऊन गेलं होतं.
मामा, असलाच एक हाय आमच्याकडं,
कड रबराची टाका, कॉइल चार ओहमची,
छातीत धक्का बसला पाहिजे.
म्हटलं, लेका, हा बोलणारा स्पीकर,
ढुसण्या देणारा न्हवं.
चहा न पिताच गेलं.

तेव्हा मला वाटलं, चष्मेवाला आपल्या बाजूचा.

थिनरचा बोळा टोपीच्या कडेनं फिरवला.
वीस मिनिटं थांबलो.
(घाई केली की कागद पापडासारखा मोडतो,
हे मी दुसऱ्याच्या स्पीकरवर शिकलोय.)
पातीनं टोपी उचलली
आणि आत गुलाबी दोरा.

विडीचा दोरा.
कॉइलच्या तारेची दोन्ही टोकं
कागदाला शिवलेली, तीन तीन टाके.
स्पीकर पालथा केला तर फाटल्या जागी
बंडलाचं लेबल, खळीनं डकवलेलं :
अर्धा मोर,
आणि ‘नकलेपासून साव’ एवढीच अक्षरं.

कल्लव्वा.

मी तवनाप्पांकडे वायरी सोलायला होतो तेव्हा,
कारखाना बंद पडला त्या साली ती आली.
बोटं दिवसाला हजाराची सरावलेली.
तवनाप्पांनी तिच्या हातात केसाएवढी तार दिली :
सदतीस वेढे खाली, छत्तीस वर.
ती कन्नडात मोजायची, ओंदु, एरडु, मूरु,
आणि मधेच कुणी हाक मारून आकडा चुकवला
की मराठीत शिवी देऊन
सगळं उलगडायची, पहिल्यापासून.

हा तंबूतल्या सिनेमाचा.
एका जत्रेत कन्नड बोलला, पुढच्या जत्रेत मराठी,
दोन्हीत सारखाच घोगरा.
तवनाप्पा म्हणायचे, कंपनीला काय ठावं
आपल्याकडं किती धूळ उडते.

चष्मेवाला वाकून बघतो.
हे काय? दोरा? लेबल?
हे सगळं काढा. कंपनीतून आला तसा करा.
कागद मी बाहेरून मागवतो, महिना लागू दे.

मी उत्तर देत नाही.
पोराला यात नवीन कुणीतरी बोलायला हवं होतं.
याला यातून कुणी बोलून गेलंय
हेच नको आहे.
कुणाला दुरुस्ती म्हणायचं, कुणाला बदल,
चाळीस वर्षं पाटीवर रंगवून बसलोय,
‘येथे स्पीकर दुरुस्त करून मिळतील’,
आणि पाटी तरी कुठं पहिली राहिली,
दोनदा रंग, एकदा लिपीच वरखाली.

दीड व्होल्टचा सेल टेकवला.
टक्.
कागद काडीभर पुढे आला.
मोर हलला.

महिन्यानं नवा कागद आला, गोरा, गुळगुळीत.
तो फळीवर ठेवला, पुठ्ठ्यासकट.
मॅग्नेटच्या फटीतून चिकटपट्टीनं
लोखंडाचा कीस काढला, चिमूटभर.
सुटलेला एक टाका घातला.
बाकी काही नाही.

गिऱ्हाईक डोळे मिटून ऐकत होतं, बराच वेळ.
वा, म्हणालं. हाच तो आवाज.
ते जुनं सगळं काढलंत ना?
म्हटलं, आत आहे ते कंपनीचंच.
कुठल्या कंपनीचं, त्यानं विचारलं नाही.
पैसे मी अर्धेच घेतले, नवा कागद परत दिला,
म्हटलं, असू दे जवळ, पुढं लागला तर.

टोपी बसवायच्या आधी
तिच्या आतल्या अंगाला पेन्सिलीनं तारीख घातली होती,
कन्नड आकड्यात, ती घालायची तशी.
सात मला अजून नीट जमत नाही.