खवणी

एकशे एकोणपन्नास रुपये, पोस्टेज फुकट.
शेन्झेनहून सतरा दिवसांत न्हावा-शेवाला,
उलव्याच्या आमच्या गॅलरीतून ज्या क्रेन दिसतात, तिथं.
तिथून आमच्या दारी यायला
आणखी बारा दिवस, व्हाया गुडगाव.

वनितानं नारळ फोडला.
अर्धी वाटी होईतो दाते
उन्हातल्या मेणबत्तीसारखे कलले.
परत पाठवायचा खर्च तीनशे.

देवजीभाईंकडे अशीच चारशे वीसला होती.
मी भाव विचारून, फोटो काढून
निघून आलो होतो.

आज पिशवीत लपवून नेली. धार लागेल?
त्यांनी टिचकी मारली, कान देऊन ऐकलं.
‘धार धरायला आत काही नाहीच हिच्या.’
तरी पकडीनं एकेक दाता सरळ केला.
‘दोन नारळ निघतील.’

पैसे घेतले नाहीत.
ते फार महाग पडलं.