फरशी दाखव

गंगावेशीत रात्री नऊला दूधकट्ट्यावर बसलोय,
दौलूची म्हैस पुढ्यात, ग्लासावर फेस,
आणि फोनमध्ये शमिका. बर्लिनात अजून ऊन.

"काका, हा नॉयकोल्न. सध्या सगळे इथंच येतात."
रंगवलेल्या भिंती, सायकली, कालव्यावर पाय सोडून बसलेली पोरं;
रंकाळ्यावर बसतात तशीच, भेळ तेवढी नाही.
कोपऱ्यावरचा शिंपी परवा उठला म्हणाली, भाडं परवडेना.

मग कॉफीला आत शिरली. पूर्वी कारखाना होता म्हणे.
दूध कशाचं? ओटचं.
दौलूला सांगितलं. त्यानं म्हशीकडं बघितलं.
म्हैस काय बोलली नाही.

मी म्हटलं, शमे, फोन जरा खाली कर. फरशी दाखव.
"फरशी? काका, छताची लोखंडी कैची बघा की!"
फरशी दाखव गं.

टेबलाखाली चार भोकं, सिमेंटनं बुजवलेली.
मापात. सहाफुटी लेथ.
खिडकीतला उजेड डाव्या अंगानं पडेल असा लावलेला.
कोण असेल तो, जाणता होता.

उद्यमनगरात माझी चार भोकं अजून उघडी आहेत.
कुणी विचारायला आलं नाही.

"कॉफी गार झाली काका, ठेवू?"
थांब, म्हटलं. त्या भोकांवरनं
खुर्ची जरा बाजूला घे.